उसिक, क्रॉफर्ड, इनोउए यांना बॉक्सिंगच्या सर्वश्रेष्ठांच्या यादीत कुठे बसवायचं?

मुठाकाठ (धागाकर्ता)

क्रॉफर्ड आणि कानेलोची लढत झाली त्या रविवारपासून हे लिहायचं होतं. विसर्जन होऊन आठवडा झालेला, सकाळची वेळ, आम्ही चौघं मित्र नारायण पेठेत एकाच्या घरी टीव्हीसमोर. शेवटच्या तीन फेऱ्यांत पोह्यांच्या ताटल्या हातात तशाच राहिल्या, कोणी घास घेतला नाही. निकाल आला, ११६-११२, ११५-११३, ११५-११३, तिन्ही क्रॉफर्डच्या बाजूने. आमच्यातला एक जण उठून उभा राहिला आणि म्हणाला, "झालं. हा आता शुगर रे रॉबिन्सनच्या शेजारी." मी म्हटलं, शेजारी नाही, पण त्याच आळीत घर मिळालं हे नक्की. तिथून जो वाद सुरू झाला तो जेवायची वेळ झाली तरी मिटेना, म्हणून इथे आणतोय.

आधी माझं मोजमाप सांगतो. माझे आजोबा शुक्रवार पेठेतल्या तालमीत घुमलेले. त्यांच्यासमोर कुठल्याही पैलवानाचं कौतुक केलं की ते एकच विचारायचे, "जोड कोण होती?" किती कुस्त्या मारल्या ते नंतर. तोलामोलाच्या जोडीशी धरली का, कोणाच्या फडात धरली, निकाली झाली का, एवढं कळलं की त्यांचा हिशेब पुरा. पुढे मी कॅम्पात बॉक्सिंग शिकायला लागलो तेव्हाही मला हीच फूटपट्टी पुरली.

या फूटपट्टीने आजच्या पिढीत माझ्यासाठी पहिला ओलेक्सांद्र उसिक. त्याची कारकीर्द नकाशा समोर ठेवून बघा. पहिला जागतिक पट्टा २०१६ मध्ये पोलंडमध्ये जाऊन पोलिश विजेत्या ग्लोवात्स्कीकडून घेतला. मग क्रूझरवेटच्या, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाच्या, स्पर्धेत मार्को हुकला बर्लिनमध्ये हरवलं, ब्रिएदिसला रिगामध्ये, आणि जुलै २०१८ मध्ये मुरात गासिएव्हला मॉस्कोत. युक्रेनचा माणूस मॉस्कोत गेला आणि चारही संघटनांचे पट्टे घेऊन परतला. बेल्यू मँचेस्टरमध्ये, जोशुआ लंडनमध्ये. प्रत्येक वेळी गाव समोरच्याचं, आरोळ्या समोरच्याच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तो कीव्हमध्ये स्थानिक संरक्षण दलात दाखल झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जेद्दात जोशुआला पुन्हा हरवलं.

आणि मग टायसन फ्युरी, मे २०२४, रियाध. फ्युरी सहा फूट नऊ इंच, उसिक सहा फूट तीन. मधल्या फेऱ्यांत फ्युरीने त्याला पोटात असे ठोसे दिले की मला वाटलं आता हा मागे सरकणार. नवव्या फेरीत उसिकचा डावा हात लागला आणि फ्युरी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हेलपाटत गेला. दोर होते म्हणून पडला नाही, पंचाला मोजायला लागलं. लेनॉक्स लुईसनंतर हेवीवेटला मिळालेला हा पहिला निर्विवाद विजेता, म्हणजे सगळे मोठे पट्टे एकट्याकडे. डिसेंबरमध्ये फ्युरीला परत हरवलं, जुलै २०२५ मध्ये वेम्बलीवर डॅनियल ड्युबॉला पाचव्या फेरीत झोपवून चारही पट्टे पुन्हा गोळा केले. तिथपर्यंत २४ लढती, २४ विजय. मला त्या २४ पेक्षा त्यातली नावं आणि गावं मोठी वाटतात.

टेरेन्स क्रॉफर्ड. २०१७ मध्ये १४० पौंडांच्या वजनगटात, जुलै २०२३ मध्ये १४७ पौंडांत आणि २०२५ मध्ये थेट १६८ पौंडांत निर्विवाद. एरोल स्पेन्सला तीनदा खाली पाडून नवव्या फेरीत संपवलं, ती लढत मी किती वेळा पाहिली असेन याची गणती नाही. पण २०१८ ते २०२२ या त्याच्या ऐन उमेदीच्या वर्षांत १४७ पौंडांतली मोठी जोड त्याला जवळजवळ मिळालीच नाही. प्रवर्तक वेगळे, वाहिन्या वेगळ्या. दोष त्याचा नाही हे मान्य. तरी न झालेली कुस्ती खात्यावर लिहायची कशी?

जपानच्या नाओया इनोउएबद्दल पुढे बोलू, त्याची वही अजून उघडी आहे.

माझी मांडणी अशी. रॉबिन्सन, आर्मस्ट्राँग, ग्रेब, अली, ड्युरान ही वरची पाटी हलत नाही. उसिक विसाव्या क्रमांकाच्या आसपास, हेवीवेटमध्ये पहिल्या दहांत. क्रॉफर्ड तिसाव्याच्या आसपास. इनोउए चाळीस. आणि पॅक्याव मेवेदरच्या वर. बोला.

खडकी बाजार

धागा मनापासून आवडला, पण "वरची पाटी हलत नाही" हे पटत नाही. हॅरी ग्रेबच्या एकाही लढतीची फिल्म आज नाही. तीनशेच्या आसपास लढती खेळला, एका डोळ्याने अधू असताना खेळला, हे सगळं वाचून अंगावर काटा येतो. पण जो बॉक्सर आपण जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकताना पाहिलाच नाही, त्याला वर्तमानपत्रांतल्या वर्णनांवरून तिसरा लावायचा आणि ज्याची प्रत्येक फेरी आपण थांबवून थांबवून बघू शकतो त्याला विसावा?

दुसरी गोष्ट याहून मोठी. तुमच्या आजोबांची फूटपट्टी घेऊनच विचारतो. जुन्या काळी फडात उतरायला परवानगी कोणाला होती? सॅम लँगफर्डला काळा म्हणून हेवीवेटच्या जागतिक विजेतेपदाची एकही लढत मिळाली नाही. डेम्प्सी हेवीवेटचा विजेता असताना हॅरी विल्स वर्षानुवर्षं वाट बघत राहिला. आणि सोव्हिएत संघ, पूर्व युरोप, क्यूबा इथले बॉक्सर व्यावसायिक रिंगणात येऊच शकत नव्हते. तिओफिलो स्टीव्हनसनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली आणि एकही व्यावसायिक लढत खेळला नाही. म्हणजे अली, फ्रेझर, फोरमन यांच्या सुवर्णकाळातही एक मोठी जोड दाराबाहेरच उभी होती. आज ते दार उघडलंय. उसिक, लोमाचेन्को, गोलोव्हकिन, बिवोल, बेतेरबिएव्ह हे सगळे त्याच दारातून आले. उसिकला पहिल्या दहांत घ्यायला हवं असं मी ठामपणे म्हणतो, फक्त हेवीवेटमध्ये नाही, एकूण यादीत.

कोथरूड डेपो

खडकी बाजार यांच्या दुसऱ्या मुद्द्याला +१. पहिल्याला नाही. फिल्म नाही म्हणून माणूस लहान होत नाही. गामा पैलवानांच्या किती कुस्त्या पाहिल्यात आपण?

जुनी वही

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. अलीच्या लढतींच्या बातम्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचून वाढलो. १९८० मध्ये अली भारतात आला, दिल्लीत आपल्या कौर सिंगशी चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत खेळला, तेव्हाचं कात्रण माझ्या वहीत अजून आहे. कौर सिंगने दोन वर्षांनी दिल्लीतच आशियाई सुवर्ण घेतलं.

रॉबिन्सनबद्दल नुसतं "तो महान होता" म्हणून सोडून देऊ नका, नवीन मुलांना हिशेब कळू द्या. ५ फेब्रुवारी १९४३ ला तो जेक लामोटाकडून हरला. त्याआधी चाळीस लढती सलग जिंकला होता. लामोटा त्याच्यापेक्षा चांगलाच वजनदार. हरल्यावर आजचा विजेता काय करतो? वर्षभर विश्रांती, मग एखादी सोपी लढत. रॉबिन्सनने बरोबर तीन आठवड्यांनी लामोटाला परत गाठून हरवलं, आणि मधल्या काळात आणखी एकाशी लढून घेतलं होतं. त्यानंतर जुलै १९५१ पर्यंत तो हरला नाही. आठ वर्षं! लामोटाशी एकूण सहा लढती, पाच जिंकल्या. शेवटची १४ फेब्रुवारी १९५१ ची, तेराव्या फेरीत पंचांनी थांबवली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये यांकी स्टेडियमवर जोई मॅक्सिमशी लढला, त्याच्याहून एक गट वरच्या विजेत्याशी. उष्मा इतका की पंच रूबी गोल्डस्टीन यांना दहाव्या फेरीनंतर बाहेर न्यावं लागलं आणि दुसरा पंच आत आणला. दिव्यांखाली चाळीस अंशांच्या आसपास. आपल्या एप्रिलच्या दुपारी दोन वाजता लक्ष्मी रोडवरून नुसतं चालून बघा. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, पण तेराव्या फेरीनंतर त्याला खुर्चीवरून उठवेना. त्याच्या पराभवांतला हा एक, आणि मला तो त्याच्या कित्येक विजयांपेक्षा मोठा वाटतो.

हेन्री आर्मस्ट्राँगचंही ऐका. ऑक्टोबर १९३७ मध्ये फेदरवेट, मे १९३८ मध्ये वेल्टरवेट, ऑगस्ट १९३८ मध्ये लाइटवेट. तिन्ही विजेतेपदं एकाच वेळी त्याच्याकडे. मुख्य वजनगट तेव्हा आठ. आज सतरा आहेत आणि प्रत्येकात चार संघटनांचे चार पट्टे. वजन तेव्हा लढतीच्याच दिवशी व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं आणि रात्रीतून पाणी-जेवण घेऊन बॉक्सर कितीतरी किलो भरून रिंगणात येतो. फेऱ्या पंधरा होत्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये मॅन्सिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा किम दुक-कू जबर जखमी झाला आणि काही दिवसांत गेला, त्यानंतर बारा झाल्या. ते योग्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण अली-फ्रेझर मनिलाला चौदा फेऱ्या झुंजले ते पंधरा फेऱ्यांची तयारी करून आले होते म्हणून, हे तुलना करताना विसरू नये.

लँगफर्डबद्दल खडकी बाजार यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. ती त्या काळाची लाज आहे. पण त्याचा निष्कर्ष असा काढा की लँगफर्डला यादीत वर घ्या. त्यासाठी रॉबिन्सनला खाली ओढायचं कारण नाही.

साउथपॉ ताई

काका, मॅक्सिमच्या लढतीचं वाचताना घसा कोरडा पडला.

मी स्वतः डावखुरी, शाळेत असताना राज्य स्पर्धेपर्यंत खेळले, म्हणून उसिकच्या पायांबद्दल लिहिते. डावखुरा आणि उजवा समोरासमोर उभे राहिले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांना भिडतात. ज्याचं पाऊल बाहेरच्या बाजूला पडलं, त्याच्या मागच्या हाताला समोरच्याच्या हनुवटीपर्यंत सरळ वाट मिळते. आमच्या सरांनी हे शिकवायला हॉलची शहाबादी फरशी वापरली होती. दोन फरशांमधली फट म्हणजे समोरच्याचं पाऊल. माझा जॅब गेला आणि त्याच क्षणी उजवा पाय फटीच्या पलीकडे पडला नाही, की सर पॅड खाली घ्यायचे. बोलायचे नाहीत. पुन्हा पहिल्यापासून. जॅब, पाऊल, डावा. तीन महिने मी फक्त एवढंच केलं आणि तरी खऱ्या लढतीत दुसऱ्या फेरीपर्यंत पाय आपोआप फटीच्या अलीकडे यायचा, कारण दम लागला की शरीर सरळ रेषेत मागे जातं.

आता फ्युरीची लढत आवाज बंद करून बघा, नजर फक्त खाली ठेवा. उसिकचा उजवा पाय सतत ती बाहेरची जागा शोधत असतो, छत्तीस मिनिटं, पोटात मार खाल्ल्यावरसुद्धा. एवढ्या वजनाच्या माणसाला हे शेवटपर्यंत जमतं, हे मला त्याच्या सगळ्या पट्ट्यांपेक्षा मोठं वाटतं.

आणि एक मागणी. या यादीत बायका कुठे आहेत? क्लॅरेसा शील्ड्सने २०१२ आणि २०१६ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली. एप्रिल २०१९ मध्ये मिडलवेटचे चारही पट्टे, मार्च २०२१ मध्ये १५४ पौंडांतले चारही. दोन गटांत चार-चार पट्टे हे क्रॉफर्डने जुलै २०२३ मध्ये केलं, म्हणजे तिच्यानंतर. तरी बातम्यांत "पहिला" हा शब्द आला तो त्याच्यासाठी, मागे "पुरुषांत" लावून. केटी टेलर आणि अमांडा सेरानो एप्रिल २०२२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला लढल्या, ती गेल्या दहा वर्षांतल्या सर्वोत्तम लढतींपैकी एक आहे. पाचव्या फेरीत टेलर जवळपास संपली होती, आणि तिथून परत येऊन जिंकली. जोड विचारत असाल तर याहून तोलामोलाची दाखवा. आपली मेरी कोम सहा वेळा जगज्जेती, पण तो हौशी बॉक्सिंगचा हिशेब, तो वेगळा मांडावा लागेल.

नवखा २४

सगळ्यांचं वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक प्रश्न. मेवेदर ५० लढती खेळला आणि एकही हरला नाही. २०१५ मध्ये पॅक्यावला समोरासमोर हरवलं. मग पॅक्याव त्याच्या वर कसा?

मुठाकाठ

प्रश्न रास्त आहे. मेवेदरचा बचाव मी पाहिलेल्यांत सर्वोत्तम, खांद्यावर ठोसा घेऊन उजवा परत करणं त्याच्यासारखं कोणालाच जमलं नाही. त्या २०१५ च्या लढतीत तो निर्विवाद सरस होता. पण पॅक्याव डिसेंबर १९९८ मध्ये फ्लायवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा जगज्जेता झाला, आणि २०१० मध्ये १५४ पौंडांचा. आठ गटांत विजेतेपदं. डिसेंबर २०१२ मध्ये मार्केझने त्याला सहाव्या फेरीत तोंडावर पाडलं, तो हलतही नव्हता, मला वाटलं संपला हा. २०१९ मध्ये चाळिसाव्या वर्षी त्याने अपराजित कीथ थर्मनला पाडून जिंकून दाखवलं. मेवेदरची पन्नासावी लढत मॅकग्रेगरशी, ज्याने त्याआधी एकही व्यावसायिक बॉक्सिंग लढत खेळली नव्हती. शून्य सांभाळायचं ठरवलं की जोड निवडून घ्यावी लागते, आणि माझी फूटपट्टी तिथेच अडते.

ताई, फरशीची फट वाचून मी रात्री परत ती लढत लावली. तुम्ही म्हणता ते दिसलं. आणि शील्ड्स, टेलर यांची नावं मी घ्यायला हवी होती, माझं चुकलं.

कोथरूड डेपो

इनोउएला चाळिसावा लावणं अन्याय आहे. नोव्हेंबर २०१९, सायतामा, डोनेरशी लढत. दुसऱ्याच फेरीत डोनेरचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसला आणि इनोउएच्या डोळ्याभोवतालचं हाड मोडलं. त्याला एकाचे दोन डोनेर दिसत होते. तोपर्यंत समोरच्याला दोन-तीन फेऱ्यांत उडवणारा पोरगा, त्या रात्री उरलेल्या दहा फेऱ्या तसाच खेळला, आणि अकराव्या फेरीत डाव्या हाताने यकृतावर असा ठोसा दिला की डोनेर रिंगणात पाठ फिरवून चालत गेला आणि गुडघ्यावर बसला. २०२२ मध्ये परत भेट झाली तेव्हा दोन फेऱ्यांत खलास. दोन गटांत चारही पट्टे. मे २०२४ मध्ये टोकियो डोममध्ये नेरीने पहिल्याच फेरीत पाडलं, उठला आणि सहाव्यात नेरीला झोपवलं. पडून उठणारा माणूस मला न पडणाऱ्यापेक्षा जास्त कळतो.

खडकी बाजार

इनोउएबद्दल सहमत. आणि मुठाकाठ, माझ्या ग्रेबच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

मुठाकाठ

उत्तर देतो, दोन दिवस त्यावरच विचार केला. ग्रेबची फिल्म नाही, पण जीन टनीची आहे. टनीने डेम्प्सीला १९२६ आणि १९२७ मध्ये दोनदा हरवलं, त्या फेऱ्या आजही बघता येतात. तो टनी सगळ्या कारकिर्दीत एकदाच हरला, मे १९२२ मध्ये, आणि हरवणारा होता त्याच्यापेक्षा लहान चणीचा ग्रेब. म्हणजे ग्रेबला बघता येत नसलं तरी त्याची जोड बघता येते. म्हणून तो वर राहतो.

"जुने आजच्या काळात टिकले असते का" यावर मला खाशाबा आठवतात. मातीत वाढलेला माणूस, १९४८ मध्ये लंडनला गादीवर सहावा आला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य घेऊन आला. चार वर्षांत माती ते गादी. रॉबिन्सनला आजचा आहार, आजचा व्यायाम आणि आठ महिन्यांत एक लढत दिली असती तर काय केलं असतं, याची कल्पना करतानाच मला भरून येतं.

पण दाराचा मुद्दा मला हलवून गेला. दार बंद असताना मिळवलेलं विजेतेपद आणि उघडं असताना मिळवलेलं, यांत फरक करायलाच हवा. म्हणून दुरुस्ती करतो. उसिक पंधरावा. लँगफर्ड पहिल्या दहांत, विजेतेपद नसतानाही. इनोउए आणि क्रॉफर्ड तिसाव्याच्या आसपास बरोबरीने. शील्ड्स आणि टेलर यांच्यासाठी ताईंनी वेगळा धागा काढावा, मी पहिला प्रतिसाद देईन. पहिल्या दहांत उसिकला आज घेत नाही, खडकी बाजार, राग मानू नका.

खडकी बाजार

राग नाही. पंधरावा हे मला पाच नंबरांनी कमी वाटतं, पण कारण पटण्यासारखं दिलंत.

नवखा २४

रॉबिन्सनची एकच लढत बघायची असेल तर कुठली बघू? सगळं कृष्णधवल आहे, कळेल ना मला?

जुनी वही

कळेल, बाळा. १ मे १९५७, शिकागो, जीन फुल्मर. जानेवारीत फुल्मरने त्याचं विजेतेपद घेतलं होतं, आणि रॉबिन्सनचा छत्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. थेट पाचवी फेरी लाव. फुल्मर पुढे घुसतोय, त्याला तोपर्यंत कोणीही नॉकआउट केलेलं नाही. रॉबिन्सन आधी उजवा पोटात देतो, त्याने फुल्मरचा उजवा हात जरासा खाली येतो, आणि तिथून डावा हुक. आता मागे घेऊन हळू लाव आणि या वेळी हाताकडे बघू नकोस, ताईंनी सांगितलं तसं पायांकडे बघ. तो हुक त्याने मागे सरकता सरकता मारलाय.